आफ्रिकन मत्स्यगरुड: हा रंग आणि ही हाक नेमकी कोणासाठी?

आफ्रिकेतील एखाद्या सरोवराकाठी चित्रित झालेला माहितीपट पाहताना, पडद्यावर पाणघोडे जांभया देत असोत की झेब्रे पाणी पीत असोत, मागे एक खणखणीत हाक हमखास ऐकू येते. पहिला स्वर लांब आणि चढा असतो आणि त्यामागोमाग तीन-चार आखूड स्वर एकेक पट्टी खाली येत विरून जातात. ऐकणाऱ्याला तो कधी समुद्रावरच्या कुरव पक्ष्याचा आवाज वाटतो, तर कधी एखाद्या माकडाचा. प्रत्यक्षात ती हाक आफ्रिकन मत्स्यगरुडाची असते, आणि ती इतकी सर्वपरिचित आहे की तिला ‘आफ्रिकेचा आवाज’ असेच म्हटले जाते.

अलीकडे केनिया आणि टांझानियाच्या सहलींना महाराष्ट्रातूनही बरेच लोक जातात. या पक्ष्याचे फोटो घेऊन परतल्यावर त्यांच्या मनात साधारण दोन प्रश्न असतात. पहिला असा की, हा तर आपल्या कोकणातल्या ब्राह्मणी घारीसारखाच दिसतो, मग वेगळा कसा? आणि दुसरा असा की, माशांवर जगणारा शिकारी पक्षी दिवसभर एवढा ओरडत असेल, तर मासे सावध होत नाहीत का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे वेगवेगळ्या वाटेने जातात, पण पोहोचतात एकाच ठिकाणी. या पक्ष्याचे ठसठशीत रूप आणि त्याची मोठी हाक या दोन्हींचा रोख माशांकडे नसतो आणि माणसांकडे तर नसतोच. तो असतो इतर मत्स्यगरुडांकडे.

आधी थोडी ओळख

सहाराच्या वाळवंटाच्या दक्षिणेला जिथे मोठे सरोवर, बारमाही नदी, धरणाचा जलाशय किंवा खाडी आहे आणि काठावर उंच झाडे आहेत, तिथे हा पक्षी बहुधा असतोच. केनियातील नैवाशा आणि बारिंगो, पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया आणि टांगानिका ही सरोवरे, झांबेझी आणि चोबे या नद्या, बोट्स्वानातील ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश ही त्याची नावाजलेली ठिकाणे आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेत फिरलेला फ्रेंच निसर्गअभ्यासक फ्रांस्वा लव्हायाँ याने त्याचे वर्णन करताना ‘ओरडणारा’ याच अर्थाचे नाव वापरले, आणि १८०० साली दोदँ याने शास्त्रीय नाव देताना तेच कायम ठेवले. म्हणजे युरोपीय अभ्यासकांच्याही नजरेत आधी भरला तो त्याचा आवाजच.

आकाराने तो मोठा आहे. चोचीपासून शेपटीपर्यंतची लांबी ६३ ते ७५ सेंटीमीटर भरते. बहुतेक शिकारी पक्ष्यांप्रमाणे याच्यातही मादी नराहून मोठी असते. नराचे वजन दोन ते अडीच किलो आणि पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे दोन मीटर असते, तर मादीचे वजन ३.२ ते ३.६ किलो आणि पंखांची रुंदी २.४ मीटरपर्यंत असते. हा फरक लक्षात ठेवावा. आवाजाची चर्चा करताना तो पुन्हा लागणार आहे.

पांढरे डोके, तांबूस पोट, काळे पंख

पूर्ण वाढ झालेला मत्स्यगरुड ओळखण्यासाठी दुर्बिणीची फारशी गरज पडत नाही. डोके, मान, छाती आणि पाठीचा वरचा भाग स्वच्छ पांढरा असतो. छातीवरचा हा पांढरा रंग पोटाशी येऊन थांबतो आणि तिथून पोट, मांड्यांवरची पिसे आणि खांदे गडद तांबूस तपकिरी होतात. पंखांची उडण्याची मोठी पिसे काळी असतात. शेपटी आखूड आणि पांढरी असते, इतकी आखूड की उडताना सगळा पक्षी पुढून जड आणि मागून तुटका वाटतो. चोचीचे आकडीदार टोक काळे असून तिच्या बुडाशी आणि डोळ्यांपुढे पिसांविना उघडी असलेली त्वचा पिवळी असते. पायही पिवळे असतात. डोळे मात्र गडद तपकिरी असतात, त्यामुळे पांढऱ्या चेहऱ्यावर ते लांबूनही उठून दिसतात.

पायांकडे जवळून पाहिले पाहिजे. तळव्यांच्या कातडीवर बारीक, टोकदार काट्यांसारखे उंचवटे असतात आणि बुळबुळीत मासा निसटू नये म्हणून ते उपयोगी पडतात. नैवाशावरचे नावाडी पर्यटकांना ही पकड दाखवण्यासाठी एक युक्ती करतात. ते मेलेल्या माशाच्या अंगात पपायरस नावाच्या लव्हाळ्याच्या हलक्या दांड्याचा तुकडा खोचतात, म्हणजे मासा बुडत नाही, आणि शीळ घालून तो पाण्यावर भिरकावतात. काठावरच्या बाभळीसारख्या पिवळ्या खोडाच्या झाडावर बसलेला गरुड मान वळवतो, फांदी सोडतो, पंखांची फडफड न करता उताराने खाली येतो आणि शेवटच्या क्षणी पाय पुढे फेकतो. पाण्यात शिरतात ते फक्त त्याचे पंजे. अंग कोरडेच राहते. खरी शिकारही अशीच चालते, त्यामुळे पृष्ठभागापासून वीतभर किंवा थोड्या अधिक खोलीवर असलेले मासेच त्याच्या हाती लागतात. मासा दोन किलोच्या आसपास असेल, तर तो उचलून नेणे जमत नाही. मग गरुड त्याला पाण्यावरून फरफटत किनाऱ्याकडे नेतो, आणि पाण्यात पडलाच तर पंखांची वल्ही करून काठ गाठतो.

इथे एक आक्षेप येऊ शकतो. लपून शिकार करायची असेल तर अंगावर इतका उठावदार रंग कशाला? आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे की, शिकारी प्राण्याच्या अंगावरचा प्रत्येक रंग शिकारीसाठीच असतो. मत्स्यगरुड दिवसाचा फार थोडा वेळ शिकारीत घालवतो आणि उरलेला बहुतेक वेळ एखाद्या उघड्या फांदीवर बसून असतो. हिरव्या-काळ्या झाडीच्या पार्श्वभूमीवर त्याची पांढरी छाती सरोवराच्या दुसऱ्या अंगाने उडणाऱ्या गरुडालाही दिसते, आणि ही जागा रिकामी नाही हे त्याला कळते.

मग ब्राह्मणी घारीपेक्षा वेगळा कसा?

पांढरे डोके, पांढरी छाती आणि बाकी तांबूस अंग हे वर्णन ब्राह्मणी घारीलाही लागू पडते, म्हणून गोंधळ होणे स्वाभाविक आहे. फरक तीन गोष्टींत शोधावा. ब्राह्मणी घारीचे वजन जेमतेम अर्धा किलो किंवा थोडे अधिक असते आणि पंखांची रुंदी सव्वा मीटरच्या आतच असते. म्हणजे मत्स्यगरुड तिच्यापेक्षा वजनाने कित्येक पटींनी भारी आहे. ब्राह्मणी घारीची पाठ आणि पंख वरून विटकरी असतात, तर मत्स्यगरुडाचे पंख काळे असतात. आणि ब्राह्मणी घारीची शेपटी विटकरी व गोलसर असते, तर याची आखूड आणि पांढरी. शिवाय ब्राह्मणी घार आफ्रिकेत आढळत नाही, त्यामुळे मसाई मारा किंवा नैवाशा येथे काढलेल्या फोटोच्या बाबतीत हा वाद मुळातच मिटतो.

आफ्रिकेतच घोटाळा होऊ शकतो तो ताडफळे खाणाऱ्या एका पांढऱ्या-काळ्या गिधाडाशी. त्याचे पोट पांढरे असते आणि चेहऱ्याची उघडी त्वचा लालसर असते, एवढे पाहिले की पुरे.

पोरवयात हा पक्षी वेगळाच का दिसतो?

नुकताच घरटे सोडलेला मत्स्यगरुड पाहून कोणाला तो आई-बापांचा वाटणार नाही. तो सगळा तपकिरी, रेघारेघांचा असतो, शेपटी प्रौढांपेक्षा लांब असते आणि तिच्या टोकाला गडद पट्टा असतो, चेहऱ्याची त्वचा पिवळी नसून राखाडी असते. पुढे डोक्यावर पांढरा रंग येऊ लागतो, पण डोळ्याभोवती काळपटपणा राहतो. या मधल्या अवस्थेत तो युरोपातून हिवाळ्यात आफ्रिकेत येणाऱ्या ऑस्प्रे या मासेखाऊ पक्ष्यासारखा दिसतो, आणि अनुभवी पक्षीनिरीक्षकही क्षणभर अडखळतात. पूर्ण पांढरे डोके आणि तांबूस पोट यायला साधारण चार ते पाच वर्षे लागतात.

एवढा उशीर का, याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण असे दिले जाते: या वयात पक्षी जोडीदार शोधत नसतो आणि जागाही मागत नसतो. त्याच्या अंगावरचा मळकट रंग जागेच्या मालकाला सांगतो की हा प्रतिस्पर्धी नाही. त्यामुळे त्याला मार बसण्याची शक्यता कमी होते आणि दुसऱ्याच्या हद्दीच्या कडेकडेने राहून, मासे पकडायला शिकत, तो ही वर्षे काढतो. पांढरे डोके म्हणजे वयात आल्याची जाहीर खूण आहे, आणि ती खूण अंगावर आली की शेजाऱ्यांची सहनशीलता संपते. या दृष्टीने पाहिले तर रंगाचे कोडे बरेचसे सुटते.

हाक निघते कशी?

माणसाचा आवाज घशात, स्वरयंत्रात तयार होतो. पक्ष्यांचे आवाजाचे इंद्रिय त्याहून खाली, छातीत असते. श्वासनलिका जिथे दोन फुफ्फुसांकडे जाण्यासाठी दुभंगते, तिथे त्या फाट्यावर पातळ पडदे असतात. फुफ्फुसांतून येणारी हवा त्यांना कंप देते आणि ध्वनी निर्माण होतो. या इंद्रियाला सिरिंक्स म्हणतात. दयाळ किंवा बुलबुलासारख्या गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये ते हलवणाऱ्या स्नायूंच्या अनेक जोड्या असतात, म्हणून त्यांना बारीक हरकती घेता येतात. शिकारी पक्ष्यांमध्ये ही रचना साधी असते. त्यामुळे मत्स्यगरुडाला गाणे येत नाही. त्याच्याकडे मोजके स्वर आहेत आणि ते तो जोराने लावतो.

दुसरा फरक शिकण्याचा आहे. गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्ले मोठ्यांचे ऐकून गाणे शिकतात. गरुड आणि घारींच्या बाबतीत हाक उपजत असते असे मानले जाते. म्हणून झांबियातील आणि केनियातील मत्स्यगरुडांच्या हाकेचा साचा सारखाच राहतो, हजारो किलोमीटरचे अंतर असले तरी.

हाक देतानाचा आविर्भाव पाहण्यासारखा असतो. बसलेला पक्षी आधी थोडा पुढे झुकतो, मग डोके झटक्याने मागे टाकतो, इतके मागे की माथा जवळजवळ पाठीला टेकतो, गळ्याची पांढरी पिसे ताणली जातात आणि चोच आभाळाकडे उघडते. उडता उडताही तो हेच करतो, आणि मोठे पंख पसरून तरंगणारा पक्षी अचानक मान उलटी टाकताना पाहिला की पहिल्यांदा पाहणारा दचकतो. कानाला ही हाक साधारण ‘वीऽ-आ, ह्यो-ह्यो-ह्यो’ किंवा ‘क्यौ, क्यौ-क्यौ-क्यौ’ अशी लागते. अक्षरांत ती नीट उतरत नाही, हे कोणत्याही पक्ष्याच्या आवाजाबाबत खरेच आहे. पण चढा आरंभ आणि मग भराभर उतरत जाणारे आखूड स्वर ही तिची खूण चुकत नाही. घरट्याजवळ मात्र हेच पक्षी ‘क्वॉक’ असा भरड, तुटक आवाज काढतात आणि तो फार लांब जात नाही. तो घरातल्या घरात बोलण्याचा आवाज आहे, दूरच्या कोणाला ऐकवण्याचा नाही.

नर आणि मादी मिळून हाक देतात तेव्हा दोन पट्ट्या वेगळ्या ऐकू येतात. नराची पट्टी चढी आणि मादीची खालची असते. आपल्याकडे माणसांच्या सवयीने याच्या उलट अपेक्षा केली जाते, म्हणून बरेच जण भारी आवाजाच्या पक्ष्याला नर समजतात. मादी अंगाने मोठी आहे, आणि सामान्यतः ध्वनी निर्माण करणारे इंद्रिय जितके मोठे तितका स्वर खालचा, हे लक्षात घेतले की त्यात आश्चर्य उरत नाही.

हाकेने साधते काय?

शेताच्या बांधावरून होणारी भांडणे मराठी वाचकाला सांगायला नकोत. बांध दिसतो, म्हणून रोज मोजणी करावी लागत नाही. बांध फुटला किंवा सरकला की कोर्टकचेरी सुरू होते. पाण्यावर बांध घालता येत नाही. मत्स्यगरुडाच्या जोडीला किनाऱ्याचा आणि समोरच्या पाण्याचा जो पट्टा आपला ठेवायचा असतो, त्याची हद्द ती आवाजाने आखते, आणि आवाज टिकत नसल्यामुळे ती हद्द रोज पहाटे पुन्हा आखावी लागते. एका जोडीने हाक दिली की पुढच्या झाडावरची दुसरी जोडी उत्तर देते, तिला तिसरी, आणि शांत सकाळी ही साखळी किनाऱ्याने पुढे सरकत गेलेली ऐकू येते. प्रत्येक उत्तराचा अर्थ एवढाच की, मी माझ्या जागी आहे आणि तू तुझ्या जागी आहेस.

हा पट्टा केवढा असावा हे माशांवर ठरते. मासे मुबलक असलेल्या सरोवराकाठी एका जोडीला दोन चौरस किलोमीटरपेक्षाही कमी जागा पुरते आणि घरटी दाटीने असतात. लहान नदीवर, जिथे मासे थोडे, तिथे एकाच जोडीला पंचवीस किलोमीटरच्या आसपासचा किनारा राखावा लागतो. साहजिकच नैवाशासारख्या ठिकाणी शेजारी जवळ असल्याने हाकांची गर्दी होते आणि पर्यटकाला वाटते की हा पक्षी विनाकारण ओरडतो. खरे तर तिथे त्याच्याकडे ओरडण्याची कारणे जास्त आहेत.

आवाजाने निभावले नाही तर गोष्ट हातघाईवर येते. घुसखोरावर मालक झेप घेतो, आणि कधी कधी दोन गरुड हवेत एकमेकांचे पंजे पकडून गरगरत खाली येतात. दोन-अडीच किलोच्या आणि धारदार नख्यांच्या पक्ष्याला अशा झटापटीत जखम होणे म्हणजे पुढचे कित्येक दिवस उपाशी राहणे. त्यापेक्षा मान मागे टाकून ओरडणे कितीतरी स्वस्त पडते.

जोडीने दिलेल्या हाकेचे आणखी एक काम आहे. हे पक्षी सहसा आयुष्यभर एकाच जोडीदाराबरोबर राहतात आणि तेच घरटे वर्षानुवर्षे डागडुजी करून वापरतात, त्यामुळे काटक्यांचा तो ढीग दोन मीटर रुंदीपर्यंत वाढू शकतो. एकाची हाक संपण्याआधी दुसऱ्याने आपली सुरू करणे, यातून जोडी शाबूत असल्याचे शेजाऱ्यांना कळते आणि दोघांचे आपसातले नातेही राखले जाते. एकट्या पक्ष्यापेक्षा जोडीला हुसकावणे अवघड असते, हे शेजारीही जाणतात.

एवढ्या आवाजाने मासे पळत नाहीत का?

बहुधा नाही, आणि याचे कारण पक्ष्यात नसून पाण्यात आहे. हवेतून आलेला ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावर आदळतो तेव्हा त्यातली फारच थोडी ऊर्जा आत शिरते. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असते आणि त्यात ध्वनीचा वेगही चौपटीहून अधिक असतो. माध्यमांत एवढा फरक असला की ध्वनी जवळजवळ सगळाच परत फेकला जातो. हजार भागांतला एखादा भाग आत जातो, असे ढोबळमानाने म्हणता येईल. पाण्यात बुडी मारल्यावर काठावरची माणसे काय बोलतात ते ऐकू येत नाही, हे पोहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते.

हीच परावर्तनाची गोष्ट गरुडाच्या फायद्याची ठरते. पाण्यात न शिरलेला आवाज पृष्ठभागावरून पुढे जातो, वाटेत झाडी किंवा टेकाडे आडवी येत नाहीत, आणि पहाटे वारा पडलेला असल्याने तो विस्कटतही नाही. दुपारी लाटा आणि वारा सुरू झाले की तीच हाक कमी अंतरावर पोहोचते. हाकांचा जोर पहाटे आणि सकाळी का असतो, याच्या अनेक कारणांपैकी हे एक असावे.

सिनेमातला गरुड कोणत्या आवाजात ओरडतो?

थोडे विषयांतर, पण प्रश्न नेहमी विचारला जातो. अमेरिकेचा बाल्ड ईगल, ज्याला डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याने त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी ठरवण्यात आले, तोही पांढऱ्या डोक्याचा आणि मासेखाऊ. पण त्याचा आवाज त्याच्या रुबाबाला शोभत नाही. तो किरकिऱ्या, चिवचिवाटी स्वरांत बोलतो. म्हणून चित्रपटांत त्याच्या तोंडी बहुतेक वेळा रेड-टेल्ड हॉक या दुसऱ्याच शिकारी पक्ष्याची लांब, कर्कश किंकाळी घातली जाते. मत्स्यगरुडावर अशी वेळ आलेली नाही.

मान मात्र त्यालाही कमी नाही. १९६४ साली स्वतंत्र झालेल्या झांबियाच्या ध्वजावर तो नारिंगी रंगात आहे, १९९० साली स्वतंत्र झालेल्या नामिबियाच्या आणि २०११ साली जन्मलेल्या दक्षिण सुदानच्या राजचिन्हांवरही तोच आहे. ध्वजावरचा एकरंगी पक्षी पाहून खरा ओळखायला जाणाऱ्याची फसगत होईल, हे वेगळे.

शास्त्रीय नाव का बदलले, आणि त्याचा कोकणाशी काय संबंध?

जुन्या पुस्तकांत हा पक्षी हॅलिईटस या कुळगटात, म्हणजे बाल्ड ईगलच्या पंक्तीत सापडतो आणि नव्या याद्यांत इक्थिओफागा या गटात. हा बदल छपाईची चूक नाही. पक्ष्यांच्या डीएनएची तुलना केल्यावर असे दिसले की, पांढऱ्या डोक्यामुळे बाल्ड ईगलचा भाऊबंद वाटणारा हा पक्षी खरे तर उष्ण कटिबंधातल्या मासेखाऊ गरुडांच्या शाखेतला आहे, आणि उत्तरेकडील थंड प्रदेशांतल्या गरुडांची शाखा वेगळी आहे. पांढरे डोके दोघांकडे असणे हा जवळच्या नात्याचा पुरावा ठरत नाही.

याच उष्ण कटिबंधीय शाखेत आपला समुद्री गरुड येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर आणि गोव्यात राखाडी पाठीचा, पांढऱ्या पोटाचा जो मोठा पक्षी पाण्यावरून संथ घिरट्या घालतो, तो हा. किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर तो काटक्यांचे भलेमोठे घरटे बांधतो, मासे आणि समुद्री साप खातो, आणि जोडीने हाकही देतो. त्याची हाक बदकासारखी, धातूवर ठोकल्यासारखी भरड असते. आफ्रिकेतल्या नातेवाइकाचा सुरेलपणा तिच्यात नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने किनाऱ्यावरच्या या घरट्यांच्या नोंदी केल्या आहेत. मत्स्यगरुडाचे रंग, हाक आणि हद्द यांचे नाते समजले, तर वेळास किंवा देवगडकडे दिसणाऱ्या या पक्ष्याचे वागणेही पुष्कळसे उलगडते.

सर्वांत जवळचा नातेवाईक मात्र मादागास्करमध्ये आहे, आणि त्याची अवस्था बिकट आहे. तेथील मत्स्यगरुडाच्या प्रजननक्षम जोड्या शंभर-सव्वाशेच्या घरातच उरल्या आहेत.

मोबाइलवर हाक वाजवून पक्षी बोलवावा का?

नाही. ध्वनिमुद्रित हाक ऐकून गरुड जवळ येतो हे खरे, पण तो फोटोसाठी येत नाही. त्याच्या दृष्टीने त्याच्या हद्दीत अनोळखी गरुड शिरलेला असतो. तो शिकार किंवा अंडी उबवणे सोडतो आणि नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. अंडी ४२ ते ४५ दिवस उबवावी लागतात, आणि त्या काळात घरटे उघडे राहणे धोक्याचे असते. संशोधक गणनेसाठी असे ध्वनिमुद्रण वापरतात, पण ठरावीक वेळा आणि ठरावीक अंतरावरून. पर्यटकांच्या प्रत्येक नावेतून ती हाक वाजू लागली, तर जोडीला दिवसभर तेवढेच काम उरेल. घरी ऐकण्यासाठी ध्वनिमुद्रणे उत्तम आहेत; कान तयार करण्याला त्यांच्यासारखा दुसरा उपाय नाही.

हाका ऐकू येतात, म्हणजे सगळे ठीक आहे का?

जगभरच्या यादीत आफ्रिकन मत्स्यगरुड सध्या धोक्याबाहेरच्या पक्ष्यांत मोडतो, आणि त्याचा विस्तार पाहता ते योग्यच आहे. परंतु एखाद्या विशिष्ट सरोवरावर भरपूर हाका येतात एवढ्यावरून तिथे पिल्ले वाढत आहेत, असा निष्कर्ष काढता येत नाही.

झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवरचा करीबा जलाशय हे याचे उदाहरण आहे. जनावरांना आणि माणसांना रोग देणाऱ्या त्सेत्से माशीच्या बंदोबस्तासाठी झिंबाब्वेच्या बाजूला डीडीटी फवारले गेले. हे कीटकनाशक सहजी विघटित होत नाही. ते पाण्यातून सूक्ष्म जीवांत, त्यांच्यातून लहान माशांत आणि त्यांच्यातून मोठ्या माशांत जाते आणि प्रत्येक टप्प्यावर त्याचे प्रमाण वाढत जाते. शेवटी मोठे मासे खाणाऱ्या गरुडाच्या शरीरात ते सर्वाधिक साठते. तिथे त्याच्यापासून बनणारे रसायन अंड्याच्या कवचात कॅल्शियम बसण्याच्या क्रियेत अडथळा आणते. करीबाच्या मत्स्यगरुडांच्या अंड्यांत त्याचे अंश आढळले आणि कवचे पातळ झालेली दिसली. पातळ कवचाचे अंडे उबवणाऱ्या मादीच्या वजनाखालीच तडकू शकते. मादी मात्र जिवंत असते, तिचा जोडीदारही असतो, आणि दोघेही पहाटे पूर्वीप्रमाणेच हाका देत राहतात.

नैवाशावर कारण वेगळे होते. तिथे पाणवेलींचा, विशेषतः जलपर्णीचा, फैलाव आणि गढूळ पाणी यांमुळे मासे दिसेनासे होतात, आणि माशांची संख्याही वर्षागणिक वरखाली होत असते. तिथल्या अभ्यासांत मत्स्यगरुडांची संख्या आणि विणीचे प्रमाण हे मिळणाऱ्या माशांशी जोडलेले आढळले. वरून पाहून शिकार करणाऱ्या पक्ष्याला पाण्यात मासे असून भागत नाही. ते पृष्ठभागाजवळ आणि दिसतील असे असावे लागतात.

म्हणूनच पाहणी करणारे दोन वेगळ्या नोंदी ठेवतात. सकाळी नावेतून किनाऱ्याने फिरताना हाका आणि पांढरी डोकी मोजून जोड्यांचा अंदाज घेतला जातो, तपकिरी पोरवयीन पक्षी वेगळे लिहिले जातात, आणि घरट्यांची झाडे नकाशावर टिपली जातात. पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर सत्तर ते पंचाहत्तर दिवसांनी उडतात. ती उडून जाण्यापूर्वी त्याच झाडांखाली पुन्हा जाऊन प्रत्येक घरटे तपासावे लागते.